‘स्वमग्न’ कोण?

एखाद्या कचेरीतील प्रसंग कल्पावा. ‘ही फाइल जरा बघून ठेवा,’ असे साहेब सांगतात. कारकून ती अथपासून इतिपर्यंत वाचतो आणि कपाटात जागच्या जागी ठेवून देतो. साहेबांना हवे असते टिपण. ते मिळत नाही, तेव्हा कारकून कामचुकार ठरतो. पुढे साहेब आपला मसुदा दाखवून ‘कसा वाटला?’ असे विचारतात. तो त्यातल्या तीन चुका सांगतो, तेव्हा उद्धट ठरतो. दुपारच्या सुट्टीत गलका असह्य होतो म्हणून तो एकटा डबा खातो, तेव्हा शिष्ट ठरतो. वर्षअखेरीस अहवालात शेरा पडतो : ‘सहकाऱ्यांशी मिळूनमिसळून वागत नाहीत.’ त्याच्या नोंदवहीत वर्षभरात एकही खाडाखोड नाही, ही गोष्ट मात्र कोणी नोंदवत नाही.

अशा माणसाला मराठीत तऱ्हेवाईक, विक्षिप्त, माणूसघाणा असे अनेक शब्द तयार आहेत. वैद्यकशास्त्र ज्याला ऑटिझम म्हणते, त्याला मराठीने दिलेले ‘स्वमग्नता’ हे नावही फारसे वेगळे नाही. मूळ शब्दच ग्रीक भाषेतील ‘स्वतः’ या अर्थाच्या शब्दावरून बनलेला आहे. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अमेरिकेत 11 मुलांचे वर्णन करताना तो वापरला आणि तोच रूढ झाला. स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेला, इतरांची पर्वा नसलेला, असाच अर्थ सामान्य माणूस घेणार. वस्तुतः अशा अनेक प्रौढांचा दिवस इतरांच्या मनाचा ठाव घेण्यातच जातो. समोरच्याकडे किती वेळ पाहावे, विनोद कोठे संपला, ‘या कधी तरी घरी’ हे निमंत्रण की नुसता शिष्टाचार, हे इतरांना विनासायास उमगते; त्यांना ते हिशेब मांडून सोडवावे लागते. संध्याकाळी ते थकून घरी येतात, ते कामाने नव्हे, तर या हिशेबाने. त्यांनाच ‘स्वमग्न’ म्हणणे हा शब्दाचा केवढा उपहास!

गैरसमजाचा दोष मात्र नेहमी एकाच पक्षाच्या पदरी बांधला जातो. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने 2012 मध्ये या गृहीतावरच बोट ठेवले. ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन कळत नाही हे खरे मानले, तरी इतरांनाही त्याचे मन कळत नाही. मग उणीव एकट्याची कशी, असा त्यांचा प्रश्न होता. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनाने त्याला बळकटी दिली. अनोळखी माणसांना ऑटिस्टिक आणि इतर प्रौढांच्या बोलण्याची काही सेकंदांची दृश्ये दाखवण्यात आली. ऑटिस्टिक प्रौढांविषयी पाहणाऱ्यांचे मत तत्काळ प्रतिकूल झाले. पण चेहरा आणि आवाज वगळून तेच बोलणे केवळ लिहून वाचावयास दिले, तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणजे खोट बोलण्याच्या आशयात नव्हती. लोक नाराज झाले होते ते सुरावर, नजरेवर आणि हावभावांवर.

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांची स्थिती अधिक बिकट आहे. ते शाळेत होते तेव्हा त्यांना हट्टी वा एकलकोंडे म्हणून मार तरी मिळाला किंवा उपदेश तरी. 1995 च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकार होते. त्यांत ऑटिझम नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने त्याची दखल घेतली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो 21 प्रकारांत समाविष्ट केला आणि सरकारी आस्थापनांवर अशा कर्मचाऱ्यांसाठी वाजवी सोय करण्याचे बंधन घातले. परंतु ज्याला स्वतःलाच आपल्या वेगळेपणाचे नाव ठाऊक नाही, तो कोणत्या खिडकीवर अर्ज करणार? कायदा प्रमाणपत्र पाहतो. टेबलाशेजारचा सहकारी मात्र माणूस पाहू शकतो.

कचेरी शिस्तीवर चालते, प्रत्येकाची तऱ्हा सांभाळत बसणे शक्य नाही, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. कोणी कोणाचा अपमान केला, तर तो वेगळेपणाच्या नावाखाली क्षम्य ठरत नाही. पण येथे मागणी सवलतीची नसून स्पष्टतेची आहे. ‘बघून ठेवा’ऐवजी ‘गुरुवारपर्यंत वाचून टिपण द्या’ असे सांगण्यास खर्च येत नाही, आणि त्याचा लाभ नव्याने रुजू झालेल्या प्रत्येक कारकुनाला होतो. वर्गात खाली मान घालून ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘माझ्याकडे बघ’ असे दरडावण्यापूर्वी शिक्षकाने त्याला एक प्रश्न विचारून पाहावा. उत्तर बरोबर आले, तर तो ऐकतच होता.

शेरा मारणे सोपे असते, कारण त्यासाठी समोरच्याला काही विचारावे लागत नाही. ज्या समाजाला आपल्या पद्धतीपलीकडची पद्धत दिसतच नाही, त्याने दुसऱ्याला स्वमग्न म्हणण्यापूर्वी त्या शब्दाचा अर्थ एकदा स्वतःला लावून पाहावा.