घरचा संगणक, भाग १४ : बिनमधली फाइल उघडत का नाही?

डिलीट केलेली फाइल डिस्कवरून लगेच पुसली जात नाही, इथवर आपण गेल्या आठवड्यात आलो होतो. आज तिथूनच पुढे.

भाचीच्या लग्नाचा हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवला होता. ‘हिशेब’, ‘हिशेब नवा’, ‘हिशेब नवा २’ अशा तीन फायली झाल्या आणि आवराआवरीत तिन्ही रिसायकल बिनमध्ये गेल्या. केटररला आगाऊ किती दिले, हे बघायला एकीवर डबल क्लिक केलं. उघडली ती प्रॉपर्टीजची चौकट. मूळ जागा, आकार, डिलीट केल्याची तारीख, सगळं होतं. आतले आकडे मात्र दिसेनात.

मुळात बिनमध्ये दिसतं ते नाव फाइलचं तिथलं खरं नाव नसतंच. विंडोज प्रत्येक ड्राइव्हवर एक लपवलेला फोल्डर ठेवतं आणि त्यात प्रत्येक युजरचा कप्पा वेगळा असतो. व्हिस्टापासूनची रीत अशी, की डिलीट केलेल्या एका फाइलच्या तिथे दोन होतात. एकीत मजकूर जसाच्या तसा, पण नाव बदललेलं: आधी डॉलरचं चिन्ह, मग इंग्रजी आर, पुढे सहा अक्षरं-आकडे आणि शेवटी जुनंच एक्स्टेन्शन. दुसरीचं नावही तेच, फक्त आरच्या जागी आय. ही दुसरी अगदी चिमुकली असते. फाइल कुठून आली, केवढी होती, कधी डिलीट झाली, एवढीच नोंद तिच्यात. बिनमध्ये आपण ‘हिशेब नवा’ वाचतो ते या चिठ्ठीवरून, आणि रिस्टोर म्हटल्यावर फाइल घरी परतते तीही हिच्यामुळेच. लिनक्समध्ये अशीच चिठ्ठी साध्या मजकुराची असते, कुठल्याही एडिटरमध्ये वाचता येते.

आता समजा, फाइल तिथेच उघडली, दोन रकमा दुरुस्त केल्या आणि सेव्ह केली. दुरुस्ती राहिली बिनमध्येच. संध्याकाळी घरातल्या कुणी बिन रिकामा केला, की तीही गेली. तेव्हा तिथे फाइल उघडू न देणं मला रास्त वाटतं. पण नुसतं डोकावूनही बघता येऊ नये, हे काही पटत नाही. मॅकवर डबल क्लिक केलं तर ‘आधी कचरापेटीतून बाहेर काढा’ असंच उत्तर येतं. मात्र फाइल निवडून स्पेसबार दाबला, की २००७ साली आलेल्या क्विक लुकमध्ये ती जागच्या जागी दिसते. हवी ती फाइल ओळखायला एवढं पुरतं.

विंडोजवर मी फाइल बिनमधून ओढून डेस्कटॉपवर आणतो आणि तिथे उघडतो. नको असेल तर पुन्हा डिलीट; फक्त आता तिची मूळ जागा म्हणून डेस्कटॉपचीच नोंद होते, जुना फोल्डर विसरला जातो. म्हणून आणण्याआधी प्रॉपर्टीजमधला जुना पत्ता कागदावर उतरवून घ्यावा. पेनड्राइव्हवरच्या फाइलसाठी मात्र हा उपाय चालत नाही. विंडोजवर ती सहसा बिनमध्ये येतच नाही, थेट जाते. शिफ्ट दाबून डिलीट केलेलीचंही तसंच.

आगाऊची रक्कम ‘हिशेब नवा’मध्ये सापडली. ‘नवा २’मध्ये ती ओळच नव्हती.