दिंडीच्या गाडीवरील विजोड सौर प्लेटा

ज्येष्ठांत त्र्यंबकेश्वराहून श्रीनिवृत्तिनाथांची पालखी निघते आणि नाशिक, सिन्नर, अहिल्यानगर, करमाळा या वाटेनें आषाढी एकादशीच्या सुमारास पंढरपुरास पोंचते. तिच्याबरोबर चालणारांत आमच्या मंडळाचे सभासद बरेच असतात. कांदा चाळींत गेलेला असतो, द्राक्षाची खरड छाटणी होऊन गेलेली असते, आणि पेरणी मागें राहिलेल्या भावावर सोंपवून लोक वाटेस लागतात. दिंडीमागें एक टेम्पो असतो. त्यांत शिधा, पाण्याच्या टाक्या, भांडीं व अंथरुणें असतात, आणि चालून थकलेले दोघे-चौघे वृद्ध रात्रीं त्यांतच निजतात. 2021 सालीं महाराष्ट्र शासनानें कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हां आम्हांस थोडें हंसूं आलें. चाकांवरचें बिऱ्हाड वारकऱ्यास कांहीं नवें नाहीं.

नवी आहे ती विजेची गरज. दिवे हवेत, पन्नासएक माणसांचे मोबाइल भरावे लागतात, आणि गेल्या कांहीं वर्षांपासून एक लहान शीतपेटीही गाडींत ठेवावी लागते. मधुमेहाचे तीन-चार रोगी दरवर्षीं बरोबर असतात, आणि इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या 2 ते 8 अंश उष्णतेंत ठेवाव्या लागतात. त्यासाठीं आम्हीं टेम्पोच्या टपावर सौर प्लेटा बसविल्या. विकत नव्या घेतल्या नाहींत. ज्याच्या घरीं जी पडून होती ती त्यानें दिली. दोन प्लेटा औषध-फवारणीच्या शेडवरच्या, प्रत्येकी 100 वॉटच्या. तिसरी एका सभासदाच्या मळ्यांतील घरावरून उरलेली, 335 वॉटची. बेरीज 535 वॉट. गांवच्या एका कारागिरानें तिन्हींच्या धन तारा एकत्र व ऋण तारा एकत्र बांधून दिल्या, आणि आम्हीही समाधान मानून निघालों.

सिन्नर ओलांडून दुसऱ्या दिवशीं पहांटे शीतपेटी बंद पडलेली आढळली. बॅटरी रिकामी होती. एक वृद्ध वारकरी टेम्पोपाशीं येऊन एवढेंच म्हणाले, "माउली, माझें औषध ऊन झालें कीं हो." त्या दिवशीं जवळच्या गांवांतील औषधाच्या दुकानांतून बर्फ व नव्या कुप्या आणून वेळ निभावली. आभाळ ढगाळ होतें हें खरें. परंतु सारा दोष आभाळाचा नव्हता, आणि तो कोठें होता हें आम्हांस परत आल्यावर कागद घेऊन बसल्यावर कळलें.

प्रत्येक प्लेटेच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटविलेली असते. बहुतेक लोक तिच्यावरील वॉट तेवढे वाचतात. खरें वाचावयाचें तें पुढें असतें. आमच्या लहान प्लेटेवर काम करतांनाचा दाब 18 व्होल्ट व प्रवाह साडेपांच अँपिअर असा लिहिलेला आहे. मोठीवर 38 व्होल्ट व 8.8 अँपिअर. शिवाय तारा मोकळ्या असतांनाचा दाब निराळा असतो: लहानीचा 22, मोठीचा 46.

आतां दोन प्रकारच्या जोडण्या पाहूं. समांतर जोडणींत प्रवाहांची बेरीज होते, पण दाब सर्वांचा एकच राहतो. दोन पाट निरनिराळ्या उंचीवरून येऊन एकाच चारींत मिळाले, तर चारींतील पाण्याची पातळी खालच्या पाटाइतकीच ठेवावी लागते. ती त्याहून चढली तर पाणी खालच्या पाटांतून उलट वर शिरतें. आमच्या तिन्ही प्लेटा समांतर होत्या, म्हणून मोठीला आपले 38 व्होल्ट सोडून लहानींच्या 18 व्होल्टवर उतरावें लागलें. तिचा प्रवाह त्यामुळें फारसा वाढत नाहीं, 9 अँपिअरच्या किंचित वर जातो एवढेंच. सारे मिळून सुमारें 20 अँपिअर, 18 व्होल्ट. म्हणजे पूर्ण उन्हांत 365 वॉटच्या आसपास. मोठ्या प्लेटेची निम्म्याहून अधिक शक्ति आम्हीं टपावर नुसती मिरविली!

एकसर जोडणींत ह्याच्या उलट. तेथें दाबांची बेरीज होते, पण प्रवाह एकच, आणि तो सर्वांत अशक्त प्लेटेच्या मापाचा. तीन इंची पाइपलाइनींत मध्येंच दीड इंची तुकडा घातल्यासारखें हें आहे. तिन्ही एकसर जोडल्या तर 74 व्होल्ट व साडेपांच अँपिअर, म्हणजे 410 वॉटच्या आंतबाहेर. पहिल्याहून बरें, पण तरीही सव्वाशें वॉट वायां.

उपाय दोहोंच्या मिश्रणांत निघाला. दोन लहान प्लेटा आपसांत एकसर जोडल्या. त्यांची जोडी 36 व्होल्टची झाली. ही जोडी मोठीच्या 38 व्होल्टांशीं समांतर बांधली. दोन पाटांच्या उंचींत आतां नांवापुरता फरक राहिला, आणि हिशेब 520 वॉटच्या घरांत गेला. खर्च झाला तो तारेचा एक तुकडा व दोन प्लग. वॉट जुळत नसले तरी चालतें. समांतर जोडावयाच्या प्लेटांचे व्होल्ट जुळावे आणि एकसर जोडावयाच्यांचे अँपिअर. वर्ष-दोन वर्षांच्या फरकानें घेतलेल्या प्लेटा शेतांत एका पंपावर बांधणारांनींही हेंच पाहावें.

चार्ज कंट्रोलर मात्र बदलावा लागला. जुना साधा होता. तो प्लेटेचा दाब सरळ बॅटरीच्या दाबावर ओढून आणतो, आणि 12 व्होल्टच्या बॅटरीवर 36 व्होल्टची प्लेट त्यास लावणें म्हणजे दोन तृतीयांश वीज टाकून देणें. एमपीपीटी जातीचा कंट्रोलर अधिक दाब घेऊन त्याचा प्रवाह करून देतो. तो घेतांना थंडीचा विचार करावा. प्लेट थंड झाली कीं तिचा दाब वाढतो, दर अंशास हजारीं तीनप्रमाणें. चिठ्ठीवरील आकडे 25 अंशांचे असतात; निफाडकडे हिवाळ्यांत पहांटे पारा 5 अंशांवर येतो, तेव्हां 46 चे जवळजवळ 49 व्होल्ट होतात. कमाल 50 व्होल्टचा स्वस्त कंट्रोलर अशा सकाळीं कांठावर उभा असतो. आम्हीं 100 व्होल्ट, 40 अँपिअरचा घेतला.

बसविण्याविषयीं थोडें. ऊन असेपर्यंत प्लेट बंद करतां येत नाहीं, म्हणून जोडणी करतांना तिच्यावर गोणपाट टाकावा. प्रत्येक शाखेस एक व बॅटरीच्या धन टोंकाशीं एक असे फ्यूज घालावे. बॅटरीजवळचा टाळणारांच्या गाड्या पेटतात. प्लेटेखालीं चार बोटें हवा खेळूं द्यावी, कारण तापलेली प्लेट वीज कमी देते. टपावर प्लेटा आडव्याच ठेवल्या तरी आषाढांत चालतें. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य दुपारीं जवळजवळ माथ्यावर असतो. हिवाळ्यांत मात्र त्या दक्षिणेकडे वीसएक अंश कलत्या हव्यात. आणि पताकेची काठी! आमची काठी नेमकी प्लेटांच्या शेजारीं होती व दिवसभर तिची सांवली फिरत राही. ती मागच्या फळीकडे नेली.

1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानें नोंदणींतील तपशिलाशीं न जुळणारा फेरबदल गाडींत करण्यास मनाई आहे. तेव्हां टपावर सांगाडा कायमचा जोडण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें.

पुढच्या वारींत शीतपेटी बंद पडली नाहीं, दोन दिवस सूर्याचें तोंड दिसलें नाहीं तेव्हांही. मोबाइल भरणें तेवढें त्या दोन दिवसांत थांबविलें. आतां दिंडोरीकडील एका सभासदानें आणखी एक जुनी प्लेट देऊं केली आहे. तिची चिठ्ठी पावसानें पुसून गेली आहे. ती उन्हांत ठेवून मीटरनें तिचा मोकळा दाब व प्रवाह मोजून झाल्यावरच ती टपावर चढेल.