गावाची जुनी चोपडी

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी व्यापारी नव्या चोपडीवर कुंकवाने स्वस्तिक रेखतो, 'शुभ-लाभ' लिहितो आणि लक्ष्मीने आपल्या पेढीवर स्थिर व्हावे, अशी प्रार्थना करतो. लक्ष्मी चंचल आहे, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? काही गावांनीही हे सत्य अनुभवले आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले हे त्यांपैकीच एक.

सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकात डचांनी येथे वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रावर कोंडी करणाऱ्या डच आरमाराला या बंदराचा मोठा आधार होता. पुढे डच गेले. १८१२ साली वेंगुर्ले इंग्रजांकडे आले. घाटातून पक्का रस्ता झाला, तेव्हा देशावरचा माल बैलगाड्यांतून बंदरात उतरू लागला आणि पेठ गजबजली. मुंबईच्या मंडईचेच नाव मिरवणारे येथील क्रॉफर्ड मार्केट त्या इंग्रजी अमदानीचे स्मरण देते.

परंतु १८८८ साली मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटमाथ्याशी जोडले गेले आणि व्यापाराने वाट बदलली. कालांतराने किनाऱ्यावरील आगबोटीही थांबल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, तीही वेंगुर्ल्याला वळसा घालूनच. लक्ष्मी गेली, तिच्यासाठी उभारलेल्या वास्तू मात्र मागे राहिल्या.

त्यांतील डच वखारीची अवस्था पाहून मन विषण्ण होते. ती राज्य संरक्षित स्मारक आहे. पण संरक्षणाच्या फलकाने पाऊस अडत नाही. छप्पर गेले की कोकणातला चार महिन्यांचा पाऊस थेट भिंतींत मुरतो, दरजांतील चुना धुऊन जातो आणि त्या फटींत रुजलेली झाडांची मुळे जांभ्याचे चिरे एकमेकांपासून दूर सारतात. शत्रूच्या तोफेला जे काम एका दिवसात साधते, तेच हा निसर्ग संथपणे करीत असतो.

वर्ष सरले म्हणून कोणताही व्यापारी जुनी चोपडी उकिरड्यावर फेकीत नाही. देणे-घेणे संपले, तरी तीत पूर्वजांचे अक्षर असते, घराण्याची पत असते. वखार आणि जुनी पेठ ही गावाची अशीच चोपडी आहे. नव्या चोपडीची पूजा आज अवश्य करावी. पण जुनी भिजत पडली असेल, तर तिच्यावर छप्पर घालणे हेही लक्ष्मीपूजनच नव्हे काय?