बांधकाम साहित्य, बीड जिल्ह्यातील
बालाघाटाच्या रांगांमुळे येथे काळा पाषाण विपुल. जुनी घरे दगडमातीच्या जाड भिंतींची व माळवदाची असत. माळवद गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी पांढरी माती घालीत. त्यामुळे त्याचे वजन वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी (लातूर जिल्हा) भूकंपात अशाच घरांखाली हजारो माणसे दगावली. सिमेंट, सळई व विटांकडे आधीच वळू लागलेला कल त्यानंतर बळावला.

या बांधकामाला वाळू प्रामुख्याने गोदावरी व सिंदफणा यांच्या पात्रांतून मिळते. वाळूचा थर पाणी धरून ठेवतो. तो उपसला गेला की काठच्या विहिरींची पातळी खालावते. अवर्षणप्रवण जिल्ह्यास हे परवडणारे नाही. त्यामुळे काळा पाषाण भरडून केलेली कृत्रिम वाळू वापरात आली.

विटांसाठी सुपीक माती खणली जाते, हीही हानीच. परळी येथील औष्णिक वीज केंद्राची राख मातीत मिसळल्यास ही खणाई कमी होते. केंद्र शासनाने १९९९ मध्ये अशा केंद्रांपासून ५० किमी.पर्यंतच्या वीटभट्ट्यांना मातीत वजनाने किमान २५% राख मिसळणे बंधनकारक केले. पुढे ही मर्यादा वाढविण्यात आली.