पडद्यावर बिहार आणि यूपी, घाट मात्र वाईचा! चित्रपटांच्या मागावर वाई कशी पाहायची?

'गंगाजल'मधले बिहारचे तेजपूर आठवते? 'दबंग'मधले उत्तर प्रदेशातले लालगंज? 'स्वदेस'मध्ये मोहन भार्गव अमेरिकेतून ज्या गावात परततो ते चरणपूर? ही तिन्ही गावे नकाशावर शोधत बसण्याऐवजी पुणे-सातारा रस्त्याने निघा आणि वाईत उतरा. 2003चा 'गंगाजल', 2004चा 'स्वदेस', 2006चा 'ओंकारा' आणि 2010चा 'दबंग' या चारही चित्रपटांचे चित्रीकरण वाई परिसरात झाले आहे. गंमत म्हणजे यांतल्या एकाही कथेत वाई ही वाई नाही. प्रत्येक वेळी तिने उत्तरेतल्या कुठल्यातरी गावाचे सोंग घेतले.

सातारा जिल्ह्यातले, कृष्णाकाठचे हे गाव इतक्या सहजपणे गंगेच्या खोऱ्यातले म्हणून कसे खपून जाते? याचे सोपे उत्तर सगळ्यांना माहीत आहे. त्यामागे आणखी एक उत्तर आहे आणि ते थेट पेशवाईत जाते.

सोपे उत्तर: सोय

मुंबईहून चित्रीकरणाचा सगळा सरंजाम एका दिवसात वाईला पोहोचतो. कलाकारांच्या मुक्कामासाठी पसरणी घाट चढला की पाचगणी आहे आणि तिथे हॉटेलांना तोटा नाही. नदी, घाट, देवळे, जुने वाडे, बाजारपेठ आणि शेते, सगळे पाच-सात किलोमीटरच्या आत मिळते. 'ओंकारा'ची कथा घडते पश्चिम उत्तर प्रदेशात. तो उसाचा पट्टा आहे आणि वाईच्या शिवारातही ऊस आहेच.

आणखी एक सोय सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ती लिपीची. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत. त्यामुळे समोरच्या चार पाट्या बदलल्या आणि गाड्यांवरचे 'एमएच 11' काढून दुसरे नंबर लावले की लांबवर दिसणारी मराठी पाटी प्रेक्षकाच्या डोळ्यांना खटकत नाही. हेच गाव कर्नाटकात किंवा गुजरातमध्ये असते, तर कलादिग्दर्शकाला बराच घाम गाळावा लागला असता.

खरे उत्तर: काशीचे घाट बांधले कुणी?

सोयीच्या जागा मुंबईच्या आसपास पुष्कळ आहेत. पण काळ्या दगडाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, वर शिखरांची देवळे आणि मागे दाट वस्ती, हे दृश्य वाईत आहे तसे सगळीकडे नाही. ते आले 18व्या शतकात, आणि आले रास्ते घराण्यामुळे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी आणि थोरल्या माधवरावांच्या आई गोपिकाबाई या वाईच्या रास्त्यांच्या घरातल्या. पेशव्यांचे सासर-माहेरचे नाते जुळले आणि रास्ते मोठे सरदार झाले. त्यांच्या पैशातून वाईत घाट, देवळे आणि वाडे उभे राहिले.

आता जरा काशीकडे पाहू. तिथले आज दिसणारे अनेक दगडी घाट फार प्राचीन नाहीत. त्यांतला मोठा भाग 18व्या शतकातला आणि त्यानंतरच्या काही दशकांतला आहे, आणि त्यातही मराठ्यांचा वाटा मोठा आहे. भोसले घाट, शिंदे घाट, अहिल्याबाई घाट ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. आजचे काशी विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780मध्ये बांधवले. बनारसचा इतिहास लिहिणारे अ. स. अळतेकर यांनी तर आधुनिक बनारस ही बऱ्याच अंशी मराठ्यांची निर्मिती आहे, असे मत मांडले होते.

म्हणजे कृष्णाकाठी आणि गंगाकाठी बांधकाम करवून घेणारी मंडळी साधारण एकाच काळातली आणि एकाच राजकीय गोतावळ्यातली होती. पुण्याच्या दरबाराशी जोडलेल्या सरदारांनी पुण्य मिळवायला काशीत घाट बांधले आणि आपल्या गावीही बांधले. वाईला 'दक्षिण काशी' म्हणतात. (महाराष्ट्रात दक्षिण काशी म्हणवणाऱ्या गावांची कमी नाही, हेही खरे.) पण वाईच्या बाबतीत हे साम्य निदान दगडांत दाखवता येते. ढोल्या गणपतीच्या शेजारीच काशीविश्वेश्वराचे मंदिर आहे, तेही रास्त्यांचेच. 'गंगाजल' आणि 'दबंग'च्या मंडळींना वाईत उत्तरेतले गाव दिसले त्यामागे ही अडीचशे वर्षांपूर्वीची बांधकामे आहेत.

सोंग कुठे उघडे पडते?

तरीही फरक आहेत, आणि ते ओळखायला लागलात की हे चित्रपट पुन्हा बघण्यात वेगळी मजा येते. पहिला फरक दगडाचा. काशीच्या घाटांना चुनारकडचा पिवळसर वालुकाश्म वापरलेला आहे, तर वाईत सगळा सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट. दुसरा नदीच्या रुंदीचा. गंगेचा पैलतीर धूसर दिसतो. वाईची कृष्णा उन्हाळ्यात इतकी लहान असते की पलीकडच्या काठावरच्या माणसाला हाक मारता येते. म्हणून कॅमेरा घाटाच्या जवळ राहतो, पाण्यावर फार रेंगाळत नाही. तिसरा फरक डोंगरांचा, आणि तो लपवणे सर्वांत अवघड. गंगेचे मैदान सपाट आहे. वाईत मात्र कुठेही उभे राहा, कुठल्यातरी बाजूला सपाट माथ्याचा डोंगर डोकावतोच. 'स्वदेस' पाहताना चरणपूरच्या मागे काय दिसते, याकडे एकदा लक्ष द्या.

पायी फिरायचे तर

सुरुवात गणपती आळीतून करा. ढोल्या गणपतीचे हे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762मध्ये बांधले. बहुतेक लोक समोरून दर्शन घेतात, मूर्तीच्या आकाराने थक्क होतात, घाटावर फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही देवळाच्या मागे जा. तिथली भिंत माशासारखी निमुळती होत गेली आहे. देऊळ अगदी नदीच्या पात्रालगत आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोट या टोकावर दुभंगतो, दोन्ही बाजूंनी निघून जातो आणि गाभाऱ्यावरचा दाब कमी होतो. पुलाच्या खांबांना पाण्याच्या दिशेने टोक काढतात, त्याच तत्त्वाचे हे बांधकाम आहे. नायकाची एन्ट्री दाखवायला देवळाची पुढची बाजू पुरते. वाईच्या कारागिरांचे डोके मात्र मागच्या बाजूला दिसते.

तिथून काठाकाठाने चालत राहिलात की एकेका आळीचा घाट लागतो. वाईचे सात घाट आळ्यांत वाटलेले आहेत आणि हिवाळ्यात सुरू होणारा कृष्णाबाईचा उत्सव प्रत्येक घाटावर पाळीपाळीने होतो. अफजलखान हा वाईचा सुभेदार होता आणि 1659मध्ये प्रतापगडाकडे जाण्याआधी त्याची छावणी इथेच पडली होती. त्या संकटात शिवाजी महाराजांना यश मिळावे म्हणून केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, अशी इथली परंपरा सांगते. चार हिंदी चित्रपटांत हा घाट येऊन गेला, पण त्याची स्वतःची ही गोष्ट अजून कुणाच्या पटकथेत आलेली नाही. खरे तर त्यात नाट्य काही कमी नाही!

याच गावात मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडले आणि पुढे त्यांनी विश्वकोशाचे कार्यालय मुंबई-पुण्याला न नेता वाईतच ठेवले. पहिला खंड 1976मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेरचे लोक ज्या गावाला 'दबंगवाले गाव' म्हणतात, तिथून मराठीतले सगळ्यात मोठे ज्ञानकार्य चालले, हे निदान आपल्याला तरी माहीत असावे.

मेणवली: 'स्वदेस'चे चरणपूर

वाईपासून साधारण तीन किलोमीटरवर मेणवली आहे. चारही चित्रपटांतली सर्वांत ओळखीची जागा हीच. चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, मेणवलेश्वराचे देऊळ आणि वर नाना फडणवीसांचा वाडा. पेशवाईच्या शेवटच्या पर्वात कारभार ज्यांच्या हातात होता, त्या नानांची ही विसाव्याची जागा. त्यांचा प्रचंड पत्रव्यवहार या वाड्यात राहिला. इतिहासाच्या अभ्यासकांना तो 'मेणवली दप्तर' म्हणून माहीत आहे.

घाटावर एका लहानशा घुमटीत मोठी घंटा टांगलेली दिसेल. जवळ जाऊन नीट पाहा. घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. 1739मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या गेल्या आणि महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या देवळांत लागल्या. मेणवलीची घंटा त्यांपैकीच एक. पोर्तुगीज चर्चची घंटा, पेशव्यांच्या कारभाऱ्याचा घाट आणि कथेत उत्तर प्रदेश, असे तिहेरी प्रकरण एवढ्याशा जागेत जमले आहे.

हाताशी वेळ असेल तर पुढे धोमलाही जा. तिथल्या शिवमंदिरासमोर कमळाच्या आकाराच्या कुंडात, कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे.

जायचे असेल तर हिवाळा चांगला. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढले की घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसत नाहीत. आणि मेणवलीचा वाडा ही खासगी मालमत्ता आहे. चित्रपटात तो गावकऱ्यांसाठी सताड उघडा दिसत असला, तरी आत जाण्याआधी परवानगी विचारा. घाट सगळ्यांना खुला आहे. सकाळी लवकर गेलात तर तिथे कपडे धुणाऱ्या बायका आणि तुम्ही, एवढेच असण्याची शक्यता जास्त.