दृक्‌संवेदन व अध्ययन

दृक्‌संवेदन व अध्ययन : डोळ्यांनी ग्रहण केलेल्या उद्दीपनांचा अर्थ लावण्याच्या मेंदूच्या प्रक्रियेस दृक्‌संवेदन म्हणतात. दृष्टीची तीक्ष्णता आणि दृक्‌संवेदन या भिन्न गोष्टी होत. नेत्रतपासणीत ज्याची दृष्टी निर्दोष ठरते, अशा मुलासही फळ्यावरील मजकूर वहीत उतरवताना ओळ हरवणे, शब्दांतील अंतर न राखता येणे, यांसारख्या अडचणी येऊ शकतात. अशा मुलांना निष्काळजी किंवा आळशी ठरविले जाते व खरे कारण बाजूला राहते.

दृक्‌संवेदन ही एकच एक शक्ती नसून तीत अनेक कौशल्ये अंतर्भूत असतात. त्यांपैकी आकृती व पार्श्वभूमी यांतील भेद डेन्मार्कचे मानसशास्त्रज्ञ एडगार रूबिन यांनी १९१५ मध्ये फुलदाणी व दोन मुखे यांच्या प्रसिद्ध चित्राने स्पष्ट केला. गजबजलेल्या पृष्ठावर नेमका हवा तो शब्द शोधणे हे याच भेदावर अवलंबून असते. आकार, रंग वा कोन बदलला तरी वस्तू तीच आहे हे ओळखणे म्हणजे आकार-स्थैर्य. छापील व हस्तलिखित ‘अ’ एकच आहे हे मुलास त्यामुळे कळते. अवकाशातील स्थान व परस्परसंबंध यांचे भान, दृक्‌स्मृती, आणि डोळा व हात यांचा समन्वय ही आणखी काही कौशल्ये होत.

लिपी शिकताना मुलाला एक जुनी सवय मोडावी लागते. पेल्याचा कान डावीकडे असो वा उजवीकडे, पेला तोच राहतो. अक्षरांच्या जगात मात्र दिशा बदलली की अर्थ बदलतो. त्यामुळे उलटी अक्षरे काढणे हे सुमारे सात वर्षे वयापर्यंत सर्वसामान्य मुलांतही आढळते आणि तेवढ्यावरून दोष मानणे योग्य नाही. रोमन लिपीतील ‘बी’ व ‘डी’ या लहान अक्षरांचा गोंधळ सर्वपरिचित आहे. देवनागरीत आरशातील प्रतिमेसारखी अक्षरे थोडी असली, तरी ३ व ६ हे अंक तसे आहेत. घ–ध, भ–म, थ–य, ब–व या जोड्यांत तर एखाद्या गाठीचा किंवा रेघेचाच काय तो फरक असतो. ऱ्हस्व इकाराची वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिताना त्याच्या डावीकडे बसते. शिवाय मात्रा, रफार व अनुस्वार शिरोरेषेच्या वर आणि उकार अक्षराखाली येतात. म्हणजे मराठी वाचणाऱ्या मुलाला केवळ डावीकडून उजवीकडे नव्हे, तर वर-खालीही लक्ष ठेवावे लागते.

गणितात ही अडचण वेगळ्या रूपाने दिसते. एकक-दशकांचे स्तंभ सरळ न राहिल्यास हातचा चुकीच्या ठिकाणी मिळविला जातो व बेरीज येत असूनही उत्तर चुकते. नकाशा, आलेख व भूमितीतील आकृत्या समजून घेणे, इतकेच काय, बुटाचे बंद बांधणे व गर्दीच्या रस्त्यावर अंतराचा अंदाज घेणे, हेही याच कौशल्यांशी निगडित आहे.

वाचनदोषाचे मूळ दृक्‌संवेदनात आहे, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. अमेरिकन मज्जातंतुतज्ञ सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२५ मध्ये अक्षरांच्या उलटापालटीवर भर दिला. पुढे मेरियन फ्रॉस्टिग यांनी दृक्‌संवेदनाच्या विकासाची कसोटी व तीवर आधारित सरावाचे कार्यक्रम रूढ केले. परंतु अशा सरावाने वाचन सुधारते, याला संशोधनाचा पुरेसा आधार मिळाला नाही. फ्रँक व्हेलुटिनो यांच्या १९७० नंतरच्या दशकातील प्रयोगांत वाचनात मागे असलेल्या मुलांनी अपरिचित हिब्रू अक्षरे इतरांइतकीच चांगली आठवून लिहिली. वाचनदोषात ध्वनी व अक्षर यांची सांगड घालण्यातील अडचण प्रमुख असते, हे मत आता सामान्यतः मान्य आहे. २००९ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ञ व नेत्रतज्ञ यांच्या संघटनांनी वाचनदोषावरील डोळ्यांच्या व्यायामांना व रंगीत भिंगांना पुरावा नसल्याचे संयुक्त निवेदन केले. अशा उपायांत पालकांचा पैसा जातोच, पण वाचनाच्या प्रत्यक्ष शिक्षणाचा मोलाचा काळही वाया जातो.

तथापि दृक्‌संवेदनाच्या अडचणी काल्पनिक नव्हेत. अकाली जन्मलेल्या मुलांत व मेंदूच्या पक्षाघातात त्या विशेष आढळतात. प्रथम नेत्रतपासणी, नंतर मानसशास्त्रज्ञ वा व्यवसायोपचारतज्ञ यांच्याकडून परीक्षण, हा क्रम इष्ट ठरतो. वर्गात चौकटीची वही, पृष्ठावर मोजकाच मजकूर, वाचताना ओळीखाली धरलेली पट्टी, फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी छापील मजकूर आणि लेखनास अधिक वेळ, या साध्या सोयी उपयुक्त ठरतात. भारतातील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत संवेदनविषयक अक्षमतांचाही समावेश आहे.