बोरघाटाला बगल

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाड्या अडतात त्या बहुधा बोरघाटात. अडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत द्रुतगती मार्गाच्या ६ आणि जुन्या महामार्गाच्या ४ लेनची वाहतूक एकत्र येते. रस्ता मात्र ६ लेनचाच. त्यात चढ, वळणं, रांगत चाललेले ट्रक, उतारावर तापून निकामी होणारे ब्रेक आणि पावसाळ्यात दरडी. रस्ते विकास महामंडळाच्या ‘मिसिंग लिंक’ या नव्या रस्त्यामुळे खोपोली ते कुसगाव हे सुमारे १९ किलोमीटरचं अंतर १३ वर येतं. त्यात दोन बोगदे, पैकी एक जवळपास ९ किलोमीटरचा, शिवाय दरीवर केबलचा पूल. वाचणाऱ्या मिनिटांचं कौतुक फार होतं. खरा लाभ घाट टळण्याचा. सरळ रस्त्यावर वेगाचा मोह होतोच, तेव्हा बोगद्यात लेन सोडू नका.